करिझ्माचं पुढचं चाक

अमळनेर

प्रिय बंड्या,

काय भो, कसा शे? इकडे सगळे बरे. आईची साखर आटोक्यात, माझा गुडघा जुनाच.

आता मुद्द्याचं. माझ्या करिझ्मा मोटरसायकलच्या पुढच्या अलॉय चाकाला तडा गेलाय. पारोळ्याकडून येताना खड्ड्यात जोरात आदळली होती. ट्यूब असल्यानं हवा टिकली, म्हणून काही कळलं नाही. नंतर पंक्चर काढताना पोरानं टायर उतरवला आणि मला म्हणाला, काका, इथं बोट फिरवा. नख अडकलं. माझे हातपाय गार पडले. याच चाकावर सातपायरी घाट चढून तोरणमाळ गाठलं होतं. तू आधी पोचलास हे मला अजून मान्य नाही. यशवंत तलावाशी चहा सांगून मीच बसलो होतो!

सगळे म्हणतात, आर्गन वेल्डिंग मार. नाही मारणार. ओतीव चाकाला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या तापानं टाक्याशेजारची जागा नरम पडते, आणि पुढच्या ब्रेकचा सगळा जोर त्याच चाकावर. मागचं असतं तरी मी धजावलो नसतो.

नवीन चाक मिळत नाही. २००३ साली आलेली गाडी, कंपनी तरी किती वर्षं बनवणार? मग २०२३ च्या करिझ्मा एक्सएमआरचं चाक बघितलं. ते १७ इंची, आपलं १८, म्हणून दुकानदार आधीच नको म्हणाला. पण हिशेब कर : १७ वर १००/८० टायर चढवला की बाहेरून उंची आपल्या २.७५-१८ च्या जवळपासच येते. अडचण इंचाची नाहीच, अडचण हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याची. एक्सल, बेअरिंग, डिस्कची बैठक जुळायला हवी, वर एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. शिवाय तो रुंद टायर आपल्या मडगार्डखाली कसा मावणार?

धुळ्यात एका भंगारवाल्याकडे १८ इंची चाक सापडलं, दिसायला अगदी आपलंच. पण बेअरिंग ६३०१ नंबरचं, आपला एक्सल आत जाईना. लेथवाला म्हणाला, ६३०२ बसवून देतो. अरे, ६३०१ बाहेरून ३७ मिलिमीटर, ६३०२ चं ४२. म्हणजे हब तेवढं कोरायचं, भिंत पातळ करायची आणि त्यावर कन्नडचा घाट उतरायचा? बरं, एवढं करूनही डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे तिला चिमटणाऱ्या ब्रेकच्या, मधोमध आली नाही तर ब्रेकचं पॅड एका बाजूनं घासणार. चाक तिथंच ठेवून आलो. येताना शेवभाजी खाल्ली, तुझी आठवण काढून दोन वाट्या जास्त. पुण्यात मिळते त्याला शेवभाजी म्हणत जाऊ नकोस.

घरी तड्याचं बोललो नाही. बोललो की गाडी विकायचा विषय निघतो.

प्रमोशनचं कळलं, अभिनंदन. चिऊच्या दहावीच्या निकालाचं वहिनींनी कळवलं, तिला माझा आशीर्वाद. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

आता जे लिहायला बसलो ते. तुझी करिझ्मा नानांच्या ओसरीत ताडपत्रीखाली उभी आहे. परवा गेलो होतो. चाक उचलून फिरवलं, काडीइतकंही आऊट नाही, म्हणजे जराही वाकडं नाही. नाना म्हणाले, काढून ने, त्याला कुठे वेळ आहे चालवायला. मी पान्याला हात लावला नाही. गाडी तुझी आहे. पुढचं चाक निघालं की ती स्टँडवर अडकून पडेल, आणि तू कधीतरी येऊन ती चालू करशील ही माझी आशा अजून गेलेली नाही. खरंच चालवणार असशील तर तसं सांग, मी दुसरीकडे शोधत राहीन, राग मानणार नाही. देणार असशील तर माझं तडकलेलं चाक तिला लावतो, निदान ढकलून आतबाहेर करता येईल. फक्त नानांना ताकीद दे, त्यावर कुणालाही चालवू देऊ नका.

फोन करू नकोस. फोनवर तू लगेच हो म्हणशील. दोन दिवस विचार कर आणि मग लिही.

तुझा,
भैय्या