गेमिंग लॅपटॉपच्या बॉक्सवर चिपचे नाव आहे, पण वॉट कुठे आहेत?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
गेमिंग लॅपटॉप विभाग, भारत

दिनांक : २० मे २०२५

विषय : आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स चिप असलेल्या १६ इंची मॉडेलची जाहिरातीतली ताकद टिकत नसल्याबाबत, अपुऱ्या चार्जरबाबत आणि बायोस (मशीन सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून काढून घेतलेली सुविधा परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

नागपूर, अकोला, जळगाव आणि पुणे येथील आम्ही खाली सही करणारे आपल्या एकाच मॉडेलचे ग्राहक आहोत. आय९-१३९००एचएक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० (१२ जीबी), २५६० बाय १६०० चा २४० हर्ट्झ पडदा आणि सोबत २८० वॉटचा चार्जर असे हे मशीन आहे. किंमत अडीच लाखांच्या वर. इतके पैसे मोजणारा माणूस चकाकत्या कीबोर्डसाठी मोजत नाही. पहिल्या मिनिटाला मशीन जे देते तेच दोन तासांनी द्यावे, एवढ्याचसाठी तो हा वर्ग निवडतो. आमची तक्रार नेमकी तिथेच आहे.

आधी नावाबद्दल. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०८० ही चिप लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला ६० ते १५० वॉटमध्ये कुठेही बसवता येते, आणि डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्यातून ग्राफिक्सकडे वळवलेले) २५ वॉट वर मिळतात. म्हणजे ९० वॉटची ४०८० आणि १७५ वॉटची ४०८० या दोन्ही मशीनवर स्टिकर एकच लागतो, पण खेळताना त्यांच्यात मोठा फरक पडतो. पूर्वी कमी वॉटच्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ लागत असे, त्यावरून निदान अंदाज यायचा. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेबरोबर ती खूण नावातून गेली. तेव्हापासून वॉट सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यासारख्या कंपन्यांवर आली आहे. विहिरीवरचा पंप विकताना कोणी नुसते कंपनीचे नाव सांगून पाच एचपी की साडेसात एचपी हे लपवत नाही. आपल्या बॉक्सवर मात्र वॉटचा आकडाच नाही. वेबसाइटवर तो पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत आणि फक्त टर्बो मोडच्या (सर्वाधिक ताकदीच्या सेटिंगच्या) नावे दिला आहे.

तो आकडा आहे १७५ वॉट. आम्ही तो तपासला. आपल्या इंजिनिअरनाही करून पाहता यावे म्हणून पद्धत लिहितो. बॅटरी १०० टक्के, चार्जर लावलेला, मोड टर्बो, मक्स स्विच (पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते ठरवणारा) डिस्क्रीट म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्सवर, व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याशी जुळवणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद, मागची बाजू दोन इंच उचललेली. एचडब्ल्यूइन्फो हे मोजणीचे सॉफ्टवेअर दर दोन सेकंदांनी नोंद घेत होते. त्यात जीपीयू (ग्राफिक्स चिप) पॉवर, जीपीयू तापमान, सीपीयू (प्रोसेसर) पॅकेज पॉवर, ‘परफॉर्मन्स लिमिट’चे थर्मल आणि पॉवर हे रकाने, आणि बॅटरीचा चार्ज रेट एवढे ठेवले. सलग अर्धा तास भार द्यायचा आणि पहिली पाच मिनिटे हिशोबातून काढून टाकायची. हे शेवटचे फार महत्त्वाचे, कारण थंड हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पहिली काही मिनिटे कोणालाही पास करतो. आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये पाच मिनिटांचा बेंचमार्क चालवून जॉब शीटवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून देतात, ते यामुळेच.

एसी लावलेल्या २५ अंशांच्या खोलीत ग्राफिक्स चिप १६५ ते १७० वॉटवर टिकते. याबद्दल तक्रार नाही. खोली ३८ अंशांवर गेली की चिप ८७ अंशांना टेकते, थर्मल लिमिटचा रकाना ‘येस’ दाखवू लागतो आणि पॉवर १२८ ते १३५ वॉटवर येऊन बसते. हे मशीन बिघडल्याचे लक्षण नाही, साधा हिशोब आहे. चिप ८७ अंशांवर थांबवायची असेल तर उष्णता वाहून नेण्यासाठी २५ अंशांच्या खोलीत ६२ अंशांचा फरक हाताशी असतो. ३८ अंशांना तो ४९ उरतो. बाहेर टाकता येणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात असते. १७५ ला ४९ ने गुणून ६२ ने भागा, १३८ येतात. त्यात फिन्सवरची (हीटसिंकच्या पातळ पात्यांवरची) थोडी धूळ धरा, की आमच्या नोंदीतला आकडा मिळतो. याचा अर्थ आपले कूलिंग २५ अंशांसाठी अगदी काठोकाठ बेतलेले आहे, वर काहीच शिल्लक ठेवलेली नाही.

आपल्या मॅन्युअलमध्ये वापराची कमाल मर्यादा ३५ अंश दिली आहे. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हे तिथे दुकान उघडणाऱ्या कंपनीला ठाऊक असायला हवे. घरात एसी असतोच असे नाही, डेझर्ट कूलर असतो. त्याच्या दमट हवेत धूळ फिन्सवर चिकटून बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही, मागचे झाकण उघडून ब्रशनेच काढावी लागते. आणि नेमके तेच झाकण उघडू नका असे आपले म्हणणे! एका स्क्रूवर ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ असा स्टिकर लावला आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशा मजकुराबद्दल सहा कंपन्यांना ताकीद दिली होती. आपल्याकडेही केंद्राचे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २०२२ पासून सुरू आहे. धूळ काढणे ही दुरुस्ती नव्हे, निगा आहे. तिच्यासाठी मशीन आठवडाभर सर्व्हिस सेंटरला ठेवून घेणे आम्हाला मान्य नाही.

थर्मल पेस्टचा (चिप आणि हीटसिंकमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा) मुद्दा याला लागूनच येतो. आमच्यापैकी काहींच्या मशीनमध्ये सीपीयूच्या सर्वांत गरम आणि सर्वांत थंड परफॉर्मन्स कोअरमध्ये २० अंशांहून जास्त तफावत आहे. भार सगळ्या कोअरवर सारखा असताना एवढा फरक पडतो तो बहुधा हीटसिंक नीट न बसल्यामुळे किंवा पेस्ट पसरून बाजूला गेल्यामुळे. वारंवार तापून-थंड होऊन पातळ पेस्ट मधल्या भागातून बाहेर ढकलली जाते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण असते. लॅपटॉपमध्ये डाय (चिपचा सिलिकॉनचा तुकडा) उघडीच असल्याने हा त्रास जास्त जाणवतो. यावर उपाय ठरलेला आहे : हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखा फेज-चेंज पॅड. तो ४५ अंशांच्या आसपास मऊ होतो, पृष्ठभाग भरून काढतो आणि सहसा बाहेर सरकत नाही. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी द्रव धातू) आम्ही मागत नाही. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियम खाते, ते विजेचे वाहक आहे, आणि लॅपटॉप रोज बॅगेत उभा ठेवला जातो. पेस्ट बदलून देताना पुन्हा जुन्याच प्रकारची पातळ पेस्ट लावू नये, एवढीच विनंती.

आता चार्जर. वेबसाइटवर ‘एकूण २३० वॉट’ असे अभिमानाने लिहिले आहे, म्हणजे १७५ ग्राफिक्सला आणि ५५ प्रोसेसरला. त्यात पूर्ण उजेडावरचा पडदा, रॅम, एसएसडी, दोन पंखे आणि कीबोर्डचे दिवे मिळून २५ ते ३० वॉट मिळवा. बोर्डवर व्होल्टेज बदलताना दहा टक्क्यांच्या आसपास वाया जातात, ते धरा. बेरीज २८० च्या पुढे जाते आणि चार्जर आहे २८० चा. शिवाय १३९००एचएक्स क्षणभरासाठी १५७ वॉटपर्यंत उडी घेतो, ती वेगळीच. ही तूट बॅटरी भरून काढते. चार्जर लावलेला असताना चार्ज रेटचा रकाना उणे दाखवतो आणि टक्केवारी हळूहळू उतरत जाते. बॅटरी एका ठरावीक पातळीखाली गेली की फर्मवेअर (मशीनमधले अंतर्गत सॉफ्टवेअर) ग्राफिक्सची पॉवर एकदम कापते आणि ऐन सामन्यात फ्रेम कोसळतात. ज्यांनी आपल्याच सल्ल्यावरून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवून ठेवली आहे, त्यांच्यावर ही वेळ आणखी लवकर येते. शिवाय खेळताना बॅटरीची सायकल फुकट खर्च होते, आणि दोन वर्षांनी नवी बॅटरी ग्राहकानेच विकत घ्यायची. या मशीनला ३३० वॉटचाच चार्जर हवा होता.

बायोस अपडेटचा प्रकार मात्र आम्हाला सर्वांत जास्त खटकला. खरेदीच्या वेळी बायोसमध्ये सीपीयू अंडरव्होल्टचा (प्रोसेसरला कमी व्होल्टेज देण्याचा) पर्याय होता. एचएक्स मालिका निवडण्यामागे अनेकांचे तेच कारण होते. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १.२० व्होल्टऐवजी १.१२ व्होल्टवर तोच क्लॉक म्हणजे वेग मिळाला तर साधारण १३ टक्के उष्णता कमी होते, तीही एक पैसा खर्च न करता. उन्हाळ्यात हाच आमचा आधार होता. ताज्या अपडेटनंतर तो पर्याय गायब आहे, आणि जुनी बायोस परत टाकायला गेले की मशीन नकार देते. अपडेटच्या नोंदीत फक्त ‘सिस्टिमची सुरक्षितता वाढवली’ एवढेच लिहिले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये उघड झालेली प्लंडरव्होल्टची (व्होल्टेज बदलून प्रोसेसरमधली सुरक्षित माहिती फोडू देणारी) त्रुटी आम्हाला माहीत आहे. तिच्यावर संरक्षण जरूर द्या, पण ते बायोसमधला एक स्विच म्हणून द्या. घरी गेम खेळणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर तो बंद केला तर कंपनीचे काय बिघडते? विकलेली सुविधा नंतर गुपचूप काढून घेणे हा आमच्या दृष्टीने सरळसरळ अन्याय आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. या किमतीच्या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक देणे चुकीचे आहे. त्यांवर १६ गिगाबिटच्या चारच चिप असतात, म्हणून बँक ग्रुप (मेमरीच्या आतले गट) निम्मे मिळतात, आणि प्रोसेसरवर ताण देणाऱ्या खेळांत १ टक्का लो फ्रेम (सर्वांत संथ एक टक्का क्षणांतला फ्रेमचा वेग) घसरतात. १६ जीबीच्या दोन द्या, किंवा रॅमशिवायचे मॉडेल ठेवा, आम्ही बाहेरून टाकू. एकाच मॉडेल क्रमांकाखाली वेगवेगळ्या उत्पादकांचे पडदे येतात. २४० हर्ट्झला एका फ्रेमला ४.१७ मिलिसेकंद मिळतात, आणि ज्यांच्या वाट्याला मंद पॅनेल आले त्यांना हलत्या चित्रामागे सावली स्पष्ट दिसते. दुसऱ्या एसएसडीच्या जागेवर थर्मल पॅड नाही. कोणता यूएसबी-सी पोर्ट थेट ग्राफिक्स चिपला जोडला आहे आणि कोणता इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समार्फत जातो, याचे साधे रेखाचित्रही मॅन्युअलमध्ये नाही. व्हीआर हेडसेट किंवा बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्यासाठी हे फार मोलाचे आहे. पंख्यांच्या आवाजाबद्दल आम्ही कुरकुर करणार नाही, ही ताकद आवाज न करता थंड होत नाही. फक्त फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखे किती वेगाने फिरावेत ते) आमच्या हातात द्या.

आणखी एक, पुढच्या मॉडेलसाठी. स्वस्त मॉडेलांच्या जाहिरातीत आपण ‘४०७०, १४० वॉट’ असे मोठ्या अक्षरांत छापता. जाणकार त्याने फसत नाही. त्या चिपला बहुतेक खेळांत व्होल्टेजची मर्यादा आड येते आणि १०० वॉटच्या पुढे वाढ अगदी किरकोळ असते. जिथे आकड्याने काही होत नाही तिथे तो ठळक छापायचा आणि जिथे सगळे त्यावरच अवलंबून आहे तिथे तळाला ढकलायचा, हे बंद व्हावे. त्यापेक्षा ३५ अंशांच्या खोलीत, अर्ध्या तासानंतर, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींवर भार असताना किती वॉट टिकतात ते प्रत्येक मोडनिहाय छापा. तेव्हा पंख्यांचा आवाज किती डेसिबल होतो तेही शेजारी द्या. असा तक्ता देणाऱ्या कंपनीचे मशीन आम्ही चार हजार जास्त देऊनही घेऊ.

आमच्या मागण्या अशा. सर्व बाधित ग्राहकांना ३३० वॉटचा चार्जर विनामूल्य बदलून मिळावा. अंडरव्होल्टचा पर्याय परत देणारी किंवा जुन्या आवृत्तीवर जाऊ देणारी बायोस प्रसिद्ध व्हावी. ज्यांच्या कोअरमधली तफावत २० अंशांच्या वर आहे, त्यांच्या मशीनमध्ये फेज-चेंज पॅड बसवून अर्ध्या तासाची चाचणी ग्राहकासमोर घ्यावी आणि तिची नोंद जॉब शीटला जोडावी. झाकण उघडून धूळ काढल्याने किंवा रॅम-एसएसडी बदलल्याने वॉरंटीवर परिणाम होत नाही, असे लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील कलम २(९) नुसार वस्तूचा दर्जा आणि क्षमता याची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते कलम २(२८) मध्ये दिले आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून आम्ही आपापल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र तक्रारी दाखल करू. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

उत्तर देताना ‘मशीन ठरवलेल्या मर्यादेतच चालते आहे’ हे ठरावीक वाक्य कृपया पाठवू नये. ती मर्यादा किती वॉट आणि किती अंशांची, एवढे आकड्यांत लिहावे.

आपले ग्राहक,
(नावे, सह्या आणि मशीनचे सिरियल क्रमांक स्वतंत्र पानावर)

सोबत : खरेदीच्या पावत्यांच्या प्रती, २५ आणि ३८ अंशांच्या चाचण्यांच्या सीएसव्ही नोंदी, चार्जर लावलेला असताना बॅटरी उतरत असल्याचे स्क्रीनशॉट, बायोसच्या जुन्या आणि नव्या मेनूचे फोटो, जॉब शीटच्या प्रती.