मनू, टार्गेटच्या आधी तारीख सांभाळ

चि. मनू,

परवा फोनवर म्हणालीस ना की सेल्सची मुलं ढिली पडलीयेत, टार्गेटचं नाव काढलं की गप्प बसतात, दोघं तर नोकरी सोडायचं बोलतायत, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. इतकी वर्षं मी छपाईच्या प्रेसमध्ये कोटेशनं काढली, सेल्सवाले सगळे माझ्याच टेबलाशी येऊन मन मोकळं करायचे, म्हणून खात्रीने सांगते. आपल्या धंद्यात सेल्सचा माणूस खचतो तो टार्गेटमुळे नाही, त्याने पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, दिलेली तारीख प्रेस पाळत नाही म्हणून.

तयार माल दाखवून विकायचं सुख त्याला नसतंच गं, जॉब अजून छापायचाच असतो. तो फक्त शब्द देतो की अमुक दिवशी मिळेल आणि प्रूफवर बघितला तोच कलर येईल. मग मशीनवर मध्येच दुसऱ्याचा मोठा जॉब घुसतो, लॅमिनेशन बाहेर दिलेलं असतं तिथे दोन दिवस जातात, आणि पार्टीच्या शिव्या मात्र हा पोरगा खातो. दिवाळी अंक दिवाळीनंतर कोण विकत घेणार? असं दोनतीनदा झालं की तो नवीन पार्टीकडे जायलाच कचरतो आणि आपण म्हणतो याला मोटिव्हेशन नाही. हॉटेलात ट्रेनरचं भाषण ठेवून हे सुटत नाही. सोमवारच्या मीटिंगला प्रॉडक्शन मॅनेजरला बसव, आठवड्याचं मशीनचं शेड्यूल सगळ्यांसमोर ठेव, आणि एकदा दिलेली तारीख तुला विचारल्याशिवाय कोणी हलवायची नाही असं ठरव. तरी उशीर झालाच तर पार्टीला फोन तू कर, त्या मुलाला पुढे करू नकोस.

नवीन मुलांना आधी पंधरा दिवस मशीनवर उभं कर. प्लेट लावून रजिस्टर (रंग एकमेकांवर नेमके बसणं) आणि कलर जमेपर्यंत किती शीट वाया जातात ते डोळ्यांनी बघितलं ना, की हजार कॉपीचा रेट एवढा आणि पाच हजारांना कॉपीमागे इतका कमी का हे पार्टीला समजावताना अडखळत नाहीत. दोनशे कॉपी असतील तर प्लेटवालं ऑफसेट कशाला, डिजिटलवर करा असं पार्टीच्या फायद्याचं स्वतःहून सांगणारा माणूस पार्टी सोडत नाही. कॅलेंडर-डायऱ्यांत तामिळनाडूतल्या शिवकाशीच्या प्रेसवाल्यांच्या स्वस्त रेटशी भांडायला लावू नकोस त्यांना, हरतात आणि खट्टू होतात. आपण जवळ आहोत, पार्टी स्वतः मशीनवर येऊन पहिली शीट पास करू शकते, ऐनवेळी कमी पडल्या तर लगेच छापून देऊ शकतो, हे विकू देत.

आता इन्सेंटिव्ह. नुसत्या टर्नओव्हरवर देतेस ना, ते आधी बंद कर. कागदाचा खर्चच एवढा असतो की रेट पाडून आणलेल्या मोठ्या ऑर्डरमध्ये हातात काही उरत नाही, आणि बाहेरून कौतुक मात्र त्याचंच होतं, मग चोख काम करणाऱ्याला वाईट वाटणारच. कागद आणि बाहेरची कामं वजा करून जे उरतं त्यावर दे, पैसे जमा झाल्यावर दे. वसुलीला मुलं लाजतात, त्यांना छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा इन्कम टॅक्सचा नियम, १९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच), नीट समजावून सांग. आपली प्रेस सरकारच्या उद्यम नोंदणीत स्मॉल म्हणून आहे, त्यामुळे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पार्टीने पैसे द्यायचे, उशीर करून वर्षअखेर बाकी ठेवली तर तो खर्च पार्टीला त्या वर्षी टॅक्समध्ये वजा मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून आहे हे. पार्टीच्या अकाउंटंटला माहीत असतं, आपल्या मुलांना नसतं.

आणि बारा महिने सारखं टार्गेट हा तर अन्यायच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरला अॅन्युअल रिपोर्ट आणि दिवाळी अंक, पुढे डिसेंबरपर्यंत कॅलेंडर-डायऱ्या, आणि भर पावसात जुलैला काय असतं? ज्याच्याकडे शाळा आहेत त्याचा सीझन वेगळा, ज्याच्याकडे औषध कंपन्यांचे कार्टन आहेत त्याचं काम वर्षभर चालू. प्रत्येकाशी बसून त्याच्या पार्ट्या बघून आकडा ठरव.

त्या दोघांशी याच आठवड्यात बोल, वेगवेगळं, केबिनबाहेर चहाला नेऊन, आणि त्यांचे कुठले जॉब लेट गेले ते आधी काढून ठेव. इन्सेंटिव्हचं नवीन शीट बनवलंस की मला व्हॉट्सअॅप कर, वेस्टेज किती धरलंय ते मी बघते.

तुझी,
आई