साडेबारा टक्के कुणाला, वीस कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी आपल्या अर्थविषयक पानावर घरविक्रीवरच्या कराचा लेख आला होता. जुलै 2024 नंतर घर विकलं की नफ्यावर सरसकट साडेबारा टक्के कर आणि इंडेक्सेशन (म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरणं) बंद, असं त्यात ठोकून दिलं आहे. हे अर्धंच खरं आहे. याच अर्ध्या वाक्यापायी माझे दीड लाखाच्या वर रुपये जाता जाता राहिले, म्हणून हे पत्र.

मी 71 वर्षांची, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. रात्रपाळीत ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या लिहून आकड्यांची सवय आहे, करकायद्याची नाही. डोंबिवली पूर्वेला माझ्या एकटीच्या नावावर वन बीएचके होता, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये घेतला आणि पहिल्यापासून भाड्यानेच दिला. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवा भाडेकरू, आणि गळणारा नळ तोच. जिने गुडघ्यांना झेपेनात, शिवाय मुलीच्या घराचं कर्ज डोक्यावर होतं. जानेवारी 2025 मध्ये 46 लाखांना विकून टाकला.

आमच्याच भागातल्या एका कर सल्लागाराकडे गेले. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. विक्री 46 लाख, दलाली 46 हजार वजा, म्हणजे 45,54,000. खरेदी, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी मिळून 9,04,000. नफा साडेछत्तीस लाख, साडेबारा टक्क्यांनी 4,56,250, वर चार टक्के उपकर. एकूण 4,74,500.

मी विचारलं, "इंडेक्सेशन नाही का धरायचं?"

"काकू, ते गेलं आता."

घरी येऊन कात्रणांची फाइल काढली. त्यात आपल्याच अंकातलं ऑगस्ट 2024 चं कात्रण निघालं. जुलैच्या अर्थसंकल्पात इंडेक्सेशन काढल्यावर ओरड झाली आणि सरकारनं ऑगस्टमध्येच दुरुस्ती केली. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन असेल आणि विकणारी व्यक्ती भारतात निवासी असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करायचा आणि कमी निघेल तो कर भरायचा. साडेबारा टक्के इंडेक्सेशनशिवाय, किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह. हिंदू अविभक्त कुटुंबालाही हे लागू आहे.

मग एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मीच मांडायला बसले. महागाई निर्देशांक 2001-02 ला 100 धरतात, 2004-05 ला तो 113 होता, 2024-25 ला 363. म्हणजे माझे 9,04,000 भागिले 113, गुणिले 363. बरोबर 29,04,000. नफा साडेछत्तीसवरून साडेसोळा लाखांवर आला.

यावर समाधान मानायला हरकत नव्हती, पण 2011 च्या दिवाळीत त्या घरात मी मोठं काम काढलं होतं ते आठवलं. मोरी फोडून संडास-बाथरूम वेगळं केलं, पाइपलाइन सगळी नवी टाकली, ग्रॅनाइटचा ओटा बांधला. असा खर्च घराच्या किमतीत मिळवता येतो आणि त्यालाही इंडेक्सेशन लागतं. मात्र कागद हवा. एकूण खर्च 1,40,000 च्या घरात होता. त्यातले 92,000 ठेकेदाराला चेकनं दिले होते, त्याचं बिल आणि पासबुकातली नोंद, दोन्ही फराळाच्या जुन्या डब्यात सापडलं. प्लंबर आणि ग्रिलवाल्याला रोख दिले, चिठ्ठीसुद्धा घेतली नाही. ते गंगेला मिळाले. 2011-12 चा निर्देशांक 184, म्हणून 92,000 चे 1,81,500 झाले.

आता नफा 14,68,500. वीस टक्क्यांनी 2,93,700, उपकरासह 3,05,448. बाथरूमचा खर्च धरूनही साडेबारा टक्क्यांनी 4,62,540 होत होते. सल्लागारांच्या आकड्यापेक्षा माझा आकडा 1,69,052 रुपयांनी कमी निघाला. लग्नपत्रिका पुढे ठेवल्यावर त्यांनी दोनदा तपासली आणि "हो, बरोबर आहे" एवढंच म्हणाले. फी मात्र पूर्ण घेतली.

वीस टक्केच नेहमी फायद्याचे असंही नाही. माझ्या घराची किंमत वीस वर्षांत जेमतेम पाचपट झाली. तेच घर साडेसहासष्ट लाखांच्या पुढे गेलं असतं तर साडेबारा टक्के स्वस्त पडले असते. म्हणूनच लेखात एक दर छापून भागत नाही, दोन्ही हिशेब मांडूनच बघावे लागतात.

जे धरता येत नाही तेही सांगते, कारण भाड्यानं घर देणाऱ्यांची इथेच गल्लत होते. भाडेकरू बदलला की दरवेळी रंगकाम केलं, ते किमतीत मिळवता येत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून दरवर्षी 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीचा खर्च तिच्यातच आला. गृहकर्जाच्या व्याजाचंही तसंच. मी ते दरवर्षी भाड्यातून वजा करत होते. एका शेजारणीनं सांगितलं, ते पुन्हा खरेदीच्या किमतीत धर, सगळे धरतात. पूर्वी धरत असतीलही, पण 2023 च्या वित्त कायद्यानं ते दार बंद केलं. एकदा वजावट घेतलेलं व्याज 1 एप्रिल 2024 पासून किमतीत धरता येत नाही.

रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या घराच्या किमतीची, भीतीही दोन दलालांनी घातली होती. सरकारी किंमत 48,70,000 निघाली, माझी विक्री 46 लाखांची. फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तर प्रत्यक्ष विक्रीचीच रक्कम धरतात, त्यामुळे काही बिघडलं नाही. दोन्ही किमती 50 लाखांच्या आत, म्हणून खरेदीदारानं 1 टक्का कर कापायचा प्रश्नही आला नाही. सल्लागारांनी मार्चमध्ये आगाऊ कर भरायलाही सांगितलं होतं. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या निवासी माणसाला तो लागत नाही. मी जुलैत एकदम भरला.

कर पूर्ण वाचवायचे मार्ग होते. दोन वर्षांत दुसरं घर घ्यायचं, किंवा सहा महिन्यांत सरकारी बॉण्डमध्ये पैसे पाच वर्षं अडकवायचे. मला पैसे हातात हवे होते, मुलीचं कर्ज फेडलं. पण मुलीच्या घराचं कर्ज फेडलं म्हणजे आपण नवं घर घेतलं असं होत नाही. हा प्रश्न मला निदान चार जणींनी विचारला.

आणि हा सगळा हिशेब माझ्या भावाच्या उपयोगाचा नाही. तो मस्कतला असतो. त्याच इमारतीत, त्याच महिन्यात त्यानंही फ्लॅट घेतला होता आणि माझ्यामागोमाग विकला. अनिवासी असल्यामुळे त्याला साडेबारा टक्केच, वीसचा पर्याय नाही. वर खरेदीदारानं नफ्यावर नव्हे तर पूर्ण विक्रीवर कर कापून ठेवला. आधीच अर्ज करून कमी कपातीचा दाखला घेतला असता तर ते टळलं असतं. आता रिटर्न भरून परतावा मागत बसला आहे.

माझ्यासारखी पुष्कळ माणसं आपला लेख कापून सल्लागाराकडे घेऊन जातील. तेव्हा दुरुस्ती रिटर्नच्या मुदतीच्या आधी आणि त्याच पानावर, लेख होता तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. आपलं ऑगस्ट 2024 चं कात्रण सोबत जोडलं आहे. वापरून झालं की परत पाठवावं, माझ्याकडे तेवढंच आहे.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, डोंबिवली पूर्व