मे महिन्याआधी कॅसेटी उतरवून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराची आवराआवर निघाली की माळ्यावरचे कॅसेटींचे खोके भंगारात जाते. खानदेशात हे आता घरोघर चालले आहे. दुकानातून आणलेल्या छापील कॅसेटी गेल्या तर फारसे बिघडत नाही, ती गाणी दुसरीकडे मिळतात. पण त्याच खोक्यात बॉलपेनने नावे लिहिलेल्या कॅसेटी असतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आणि जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांत एकमेकांकडून भरून घेतलेल्या लेड झेपेलिन, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, बॉब डिलन या पाश्चात्त्य रॉक कलाकारांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या या कॅसेटी. कंपनीने न काढलेली, श्रोत्यांतल्या कोणीतरी माइक लपवून टिपलेली ही ध्वनिमुद्रणे, म्हणजे बूटलेग. त्यांच्या शेजारीच गावच्या कीर्तनाची, तमाशाच्या फडाची, वहीगायनाची, कानबाईच्या गाण्यांची कॅसेट असते, आणि तिची तर दुसरी प्रत जगात कुठेही नसते. या संगीतावर जीव असलेले आम्ही काही वाचक आहोत. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी या कॅसेटींतला आवाज नीट संगणकावर उतरवून घ्या, आणि तेही उन्हाळा तापायच्या आत, एवढ्यासाठीच हे पत्र.

उन्हाळ्याची घाई का, ते आधी सांगतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून बराच जास्त ताप असतो. या तापात कॅसेटच्या आतली नमद्याची छोटी गादी गोंद सुटून पडते. ही गादी फीत हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. ती नसली की आवाज घुसमटतो, मधूनच डावा किंवा उजवा आवाज गायब होतो, आणि कॅसेट खराब झाली असे समजून माणूस ती फेकतो. फीत बहुतेक वेळा शाबूत असते. उष्णतेने दुसरेही एक नुकसान होते. गुंडाळीत शेजारच्या थरावर आवाजाची पुसट छाप उमटते आणि गाणे सुरू होण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. फीत जितकी पातळ तितका हा त्रास जास्त. ६० मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, ९० मिनिटांची १२ आणि १२० मिनिटांची जेमतेम ९. म्हणून सुरुवात १२०च्या कॅसेटींपासून करा. कॅसेटी कूलरच्या झोतातही ठेवू नका. ओलाव्याने फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालूच नका, कारण हेडवरून ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

आता उतरवण्याची सर्रास चालणारी पद्धत. टेपरेकॉर्डर लावायचा, समोर मोबाइल धरायचा आणि ते व्हॉट्सअॅपवर पाठवून द्यायचे. यात खोलीचा घुमारा, पंख्याचा आवाज आणि मोबाइलचे आपोआप कमी-जास्त होणारे रेकॉर्डिंग हे सगळे त्यात मिसळते, आणि वर पाठवताना फाइल दाबली जाते. यूएसबीची वायर असलेले स्वस्त कॅसेट प्लेअरही टाळावेत. त्यांची मोटर एका वेगाने चालत नाही, लांबलेला स्वर थरथरतो, आणि डॉल्बीची, म्हणजे फितीची खरखर दाबण्याची, सोय बहुधा नसते. दोन मोटरचा जुना घरगुती डेक, ज्याच्या मागे लाल-पांढऱ्या लाइन आउटच्या जोडण्या आहेत, तो शोधा. बंद पडलेला असला तरी दोष बहुतेकदा वितळून चिकट झालेल्या रबरी बेल्टचा असतो. त्याच मापाचा नवा बेल्ट घातला आणि पुलीवरचा काळा चिकटा अल्कोहोलने पुसून काढला की डेक पुन्हा चालतो.

प्रत्येक दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आणि लोखंडी कॅप्स्टन (फीत ओढणारा फिरता दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघायची थांबेपर्यंत पुसा. रबरी रोलर गुळगुळीत चकचकीत झाला असेल तर फीत तिरकी सरकते आणि गुंतते. डेकने कॅसेट खाल्ली म्हणतात ती इथेच. गादी पडलेली असेल तर पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट घेऊन आतली दोन्ही चाके फितीसकट तिच्यात बसवा. जुन्या कॅसेटचे कवच डकवलेले, स्क्रू नसलेले असेल तर सांध्यात पातळ पाते घालून हळूहळू उघडावे लागते. तुटलेल्या फितीला साधी चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा गोंद पाझरून शेजारच्या थरांना धरतो. फीत जोडायची खास पट्टीच वापरा आणि ती हेडला न टेकणाऱ्या पाठीच्या बाजूला लावा.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण वगळतात आणि आमच्या मते निम्मा आवाज तिथेच हरवतो. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. त्यांतल्या ज्याच्याखाली स्प्रिंग आहे, तो हेडचा तिरपेपणा ठरवतो. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचे हेड आणि तुमचे हेड एका कोनात नसले की झांजेची किणकिण आणि गाण्यातला ‘स’ विरून जातो. कॅसेट लावा, आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) करा, आणि चालू कॅसेटवरच हा स्क्रू बारीक पेचकसाने अगदी थोडा, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, फिरवा. एका टप्प्यावर झांज एकदम उघडते. त्याच्या पुढे गेले की पुन्हा मंदावते. तिथून मागे या. मूळ जागा आधी मार्करने आखून ठेवा, आणि स्प्रिंग नसलेल्या किंवा रंगाचा ठिपका लावून बंद केलेल्या स्क्रूला हात लावू नका. त्याने हेडची उंची बिघडते. डॉल्बीचे बटण या सगळ्यानंतर. कॅसेटवर डॉल्बी लिहिले असेल तरच ते दाबा. हेडचा कोन चुकलेला असताना डॉल्बी लावले तर गेलेला वरचा आवाज आणखी खाली जातो.

लाइन आउटमधून वायर संगणकाच्या माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. लाइन इन असलेले छोटे यूएसबी साउंडकार्ड घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. कार्यक्रमातला सर्वांत मोठा आवाज आधी वाजवून पाहा आणि तो उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असे लेव्हल लावा. दोन्ही बाजू सलग घ्या. ९० मिनिटांची कॅसेट अशी सुमारे दीड जीबी होते; फ्लॅक (FLAC) या फाइल-प्रकारात साठवली की बरीच आटते आणि आवाजाचा कणही जात नाही. एमपी३ मोबाइलवर ऐकण्यापुरती वेगळी करा. एकदा एमपी३ झालेल्या आवाजातून गेलेला भाग परत मिळत नाही. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नका. खरखरीबरोबर श्रोत्यांची दाद, हॉलचा घुमारा आणि झांजेची शेपटी जाते, आणि बूटलेगमध्ये ऐकायचे तेच असते. दोन गाण्यांमधले बोलणे, गिटार जुळवणे, तमाशातली निवेदकाची घोषणा हेही कापू नका. गावाचे नाव आणि तारीख पुष्कळदा तिथेच सापडते.

वेग तपासणे हा जाणकारांचा आवडता भाग आहे. छोट्या रेकॉर्डरची बॅटरी उतरत आली की तो हळू चालायचा, आणि तीच फीत नीट डेकवर लावली की गायक चिरका होतो. हे मोजता येते. स्टेजवरच्या गिटार अॅम्प्लिफायरची मंद घरघर विजेच्या वारंवारतेवर असते: अमेरिकेत ६० हर्ट्झ, इंग्लंडमध्ये ५०. शांत जागा निवडून ऑडॅसिटीत तिचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, याचा आलेख) काढा. अमेरिकी कार्यक्रमात ती ६२.४ वर दिसली तर फीत ४ टक्के जास्त वेगात आहे. वेग आणि स्वर एकत्र बदलणाऱ्या आज्ञेने ०.९६२ पट करा. जपानच्या बाबतीत शहर पाहावे लागते. ओसाकात वीज ६० हर्ट्झची, टोकियोत ५०ची, आणि डीप पर्पलचे ऑगस्ट १९७२चे गाजलेले कार्यक्रम दोन्ही शहरांत झाले. मात्र इथे कॅसेट भरताना आपल्या डेकचीही ५०ची घरघर मिसळते, ती निराळी ओळखा. कीर्तनाच्या कॅसेटीला पेटी कामाला येते. पेटीचा स्वर स्टेजवर बदलत नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर वेग चुकला आहे, आणि बुवा कोणत्या काळीत गायचे ते ठाऊक असेल तर किती चुकला तेही कळते.

चांगल्या बूटलेगचा आवाज कशामुळे चांगला, हे कळले की आपली कॅसेटही ओळखता येते. लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड नावाचा रसिक चाकाच्या खुर्चीत बसून कार्यक्रमाला जायचा आणि खुर्चीत नाकामिची ५५० रेकॉर्डर लपवायचा. एकेजी कंपनीचे दोन माइक आणि हाताने लावलेले लेव्हल. त्याने टिपलेला लेड झेपेलिनचा २१ जून १९७७चा कार्यक्रम आजही थक्क करतो. उलट, आपल्याकडच्या एका माइकच्या टेपरेकॉर्डरमध्ये लेव्हल आपोआप ठरते. ढोलकीची थाप पडली की गायिकेचा आवाज दबतो आणि क्षणभराने वर येतो. तो दोष मूळ रेकॉर्डिंगचा आहे, डेकवर शोधत बसू नका. वारंवार भरून घेतलेली कॅसेट मात्र झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी असते: दर प्रतीला खरखर वाढते, वरचा आवाज घटतो. म्हणून एकाच कार्यक्रमाच्या दोन कॅसेटी मिळाल्या तर दोन्ही उतरवा आणि मग कान लावून ठरवा.

आता लिहून ठेवण्याबद्दल, आणि इथे आमचा आग्रह सर्वांत जास्त आहे. डिलनच्या १९६६ सालच्या एका कार्यक्रमाची फीत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून अनेक वर्षे जगभर फिरली. ती मुळात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलची, १७ मे १९६६ची होती. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे निघाली, तेव्हाही जुने चुकीचे नाव अवतरणात ठेवावे लागले. प्रत्येक फाइलसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा. कॅसेटवर जे आणि जसे लिहिले आहे ते अक्षरशः उतरवा, चुकीसह. तुमचा अंदाज वेगळ्या ओळीत लिहा. कलाकार, तारीख, गाव, टिपण श्रोत्यांतून की मिक्सरमधून, कॅसेटची जात (नॉर्मल की क्रोम), कोणाकडून भरली, कोणता डेक, कोणते कार्ड, कधी उतरवली. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी घाला, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि एक दुसऱ्या घरी.

हे विकायचे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कॉपीराइट कायदा, १९५७मध्ये १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कलम ३९ सूट देते, बाजारात मांडायला नाही. जाणत्या रसिकांची रीतही हीच आहे: अधिकृत आवृत्ती निघाली की ती विकत घ्यायची, बूटलेगची देवाणघेवाण पैशाविना करायची. ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडने तर ऑक्टोबर १९८४पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखली. त्यांच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांच्या फिती एका गोदामात पडून होत्या. भाडे थकले आणि १९८६मध्ये त्या फितींचा लिलाव झाला. कॉर्नेल विद्यापीठातला ८ मे १९७७चा कार्यक्रम त्यांनीच टिपला होता. तो पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेला.

खानदेशातल्या कॅसेटींना असे घर मिळावे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ हस्तलिखिते जपते, जळगावला बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी एक दुरुस्त डेक, एक साउंडकार्ड आणि दोन हार्ड डिस्क ठेवून आठवड्यातून एक दिवस लोकांच्या कॅसेटी उतरवून दिल्या, तर खर्च फार नाही आणि अहिराणी गाण्यांचा मोठा ठेवा हाती लागेल. त्यासाठी डेक जोडून देण्याचे, हेड लावून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

तोवर घरच्या घरी एवढे करा. उतरवलेली कॅसेट फेकू नका, उद्या याहून चांगला डेक मिळेल. वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडा म्हणजे तिच्यावर चुकून काही भरले जाणार नाही. फीत एका टोकापर्यंत सलग गुंडाळा, कॅसेट डबीत उभी ठेवा, आणि ती डबी स्पीकरपासून दूर, खालच्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा.

कळावे,

जळगाव-भुसावळ परिसरातील काही रॉक संगीतप्रेमी वाचक