बेरीज कोणाच्या टेबलावर?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

माझा नातू सातव्या महिन्यात जन्मला आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होता. नाकातून दुधाची नळी, हाताला सलाईनची, एकदा रक्तही चढवावं लागलं. त्या नळ्यांमुळे तो वाचला, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेली बाई त्या पेटीशेजारी बसून दुसरं काय करणार? मी नळ्या मोजत होते.

असल्या नळ्या बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकच्या असतात. ते मुळात कडक असतं. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि दवाखान्यातल्या नळ्या-पिशव्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला प्लास्टिसायझर म्हणजे डीईएचपी. हे थॅलेट नावाच्या रसायनांच्या गटातलं, आणि त्यातली काही थॅलेट शरीरातल्या पुरुष संप्रेरकांत ढवळाढवळ करतात. रक्ताच्या पिशवीच्या वजनात तिसरा हिस्सा त्याचाच असू शकतो. ते प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं रेणूंच्या सापटीत बसलेलं असतं. तेल, चरबी, रक्त यांच्याशी गाठ पडली की ते हळूहळू त्यांत उतरतं. पिशवीतल्या तांबड्या पेशी टिकायला त्याची मदतही होते, त्यामुळे उद्यापासून बंदी घाला असं मी म्हणणार नाही.

बाळ घरी आलं की दवाखान्यातल्या नळ्या सुटतात, थॅलेट सुटत नाहीत. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला आतून जी मऊ चकती असते, ती बहुधा पीव्हीसीची असते आणि खारातलं तेल तिला लागत राहतं. जेवणाच्या टेबलावरचं चकचकीत आवरण, जूनमधला रेनकोट, जत्रेतली बाहुली, नेलपॉलिश, अत्तर यांतही कुठलं ना कुठलं थॅलेट असू शकतं. दुधाची पिशवी मात्र या यादीत घालू नका. ती पॉलिथिनची, तिला प्लास्टिसायझर लागतच नाही. सगळं प्लास्टिक एकाच माळेत ओवून घाबरवणारे व्हॉट्सअॅपचे निरोप मी वाचून पुसून टाकते.

नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. खेळण्यांतल्या थॅलेटसाठी आयएस ९८७३ या भारतीय मानकाचा नववा भाग आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. अन्नाच्या वेष्टनांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत. सौंदर्यप्रसाधनं आणि वैद्यकीय उपकरणं औषध नियंत्रकांकडे. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला जातो: या एका वस्तूतून हे एक रसायन किती? उत्तर मर्यादेत आलं की शिक्का बसतो. बाळ मात्र एकच असतं, आणि त्याच्या शरीरात या सगळ्या टेबलांवरचा माल एकत्र जमा होतो.

वेष्टनाच्या नियमांत एक बेरीज आहे, हे मला ठाऊक आहे. वेष्टनातून अन्नात उतरणारं सगळं मिळून किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. पण ती वजनाची बेरीज झाली. निरुपद्रवी मेण आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करणारं रसायन तिथे एकाच तराजूत बसतं.

नुकसानीची बेरीज वेगळी असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली गाभण उंदरिणींना पाच थॅलेटांचं मिश्रण दिलं. पोटातल्या नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन घटलं, आणि ते पाचांच्या मात्रांची बेरीज करून जितकं घटेल असं वाटत होतं तसंच घटलं. त्याआधी २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या स्त्री संप्रेरकासारखं वागणाऱ्या आठ सौम्य रसायनांचा असाच प्रयोग यीस्टच्या पेशींवर केला होता. एकेकट्याने काहीच परिणाम दिसणार नाही अशा मात्रा एकत्र केल्या आणि परिणाम स्पष्ट दिसला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण मर्यादा ठरवताना आपणही उंदरांचेच आकडे घेतो, मग मिश्रणाच्या वेळीच का बिचकायचं?

ही बेरीज करता येते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये चार थॅलेट एका गटात बांधली आणि सगळ्यांना मिळून रोजची एकच मर्यादा दिली: शरीराच्या वजनाच्या दर किलोला ५० मायक्रोग्रॅम, डीईएचपीच्या मापात. त्यांतलं डीबीपी पाचपट जोरकस, म्हणून त्याचा एक मायक्रोग्रॅम पाच धरायचा. डीआयएनपी सौम्य, त्याचा ०.३. चौथीतल्या मुलाला जमेल असं गणित. तिथल्या लोकांच्या आहारासाठी उत्तर दिलासा देणारं आलं: जास्त खाणाऱ्यांमध्येही मर्यादेच्या साधारण पाव हिस्सा. तो हिशेब फक्त अन्नाचा होता, हेही सांगायला हवं.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१७ मध्ये खेळण्यांसाठी हाच विचार केला. डीआयएनपी एकटं फारसं धोक्याचं नव्हतं, पण बेरजेत भर घालतं म्हणून त्याच्यावरची बंदी वाढवून कायम केली. त्याच वेळी दोन थॅलेटांवरची तात्पुरती बंदी उठवली, कारण ती पुरुष संप्रेरकांच्या वाटेला जात नाहीत. मला यातलं हे दुसरं पाऊल जास्त आवडलं. नीट बेरीज केली की उद्योगाला कुठे मोकळीक देता येईल तेही कळतं.

आपलं उत्तर काय येईल? युरोपसारखं पाव हिस्सा येईल किंवा मर्यादेच्या दुप्पट. कोणी मांडलंच नाही तर कळणार कसं? अन्न, औषध नियंत्रण आणि वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) हे तिन्ही आपल्याच मंत्रालयाखाली आहेत. खेळणी तेवढी दुसरीकडे, त्यासाठी एक पत्र पुरेल. या तिघांना एका खोलीत बसवून थॅलेटांची गटमर्यादा ठरवायला सांगावी. सुरुवात अन्नापासून आणि नवजात कक्षातल्या नळ्यांपासून व्हावी, कारण किलो-दीड किलोच्या जिवाच्या वाट्याला वजनाच्या हिशेबाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त येतं.

आणि मोजमापासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. थॅलेट शरीरात टिकत नाहीत, एखाद-दोन दिवसांत त्यांचे अवशेष लघवीतून बाहेर पडतात. अमेरिका तिच्या आरोग्य सर्वेक्षणात तेच तपासते. आपल्या मंत्रालयाच्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या लघवीचे नमुने घेतलेच होते, आयोडीन पाहण्यासाठी. पुढच्या फेरीत त्याच नमुन्यातले चार थेंब वेगळे काढून ठेवायला सांगा. नळी मात्र काचेची घ्या.

कळावे,
आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका