रोहनला, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. बाबा म्हणाले, त्याच्या नोकरीत तू पडू नकोस. पडणार नाही, असं ठरवूनच लिहायला बसलेय. पण तू ज्यांना विम्याची पॉलिसी विकलीस, ते निवृत्त मास्तर डोक्यातून जात नाहीत. "एफडी मॅच्युअर झालीच होती, आई, मी फक्त ती पॉलिसीकडे वळवली," असं तू म्हणालास. पुढच्या वर्षी याच सुमारास तेवढाच हप्ता पुन्हा भरायचा आहे, हे त्यांना कळलंय का रे? की पैसे एकदा भरले की झालं, एफडीसारखं, असं वाटतंय त्यांना?

टार्गेट काय असतं ते मला माहीत आहे. विम्याची एजन्सी चालवताना मीही असे मार्च काढलेत. तू स्कूटरवर पुढे उभा राहायचास, फॉर्मची पिशवी पोटाशी धरून. ते ड्रायव्हरकाका आठवतात? "ताई, साखरेचं लिहू नका, मेडिकल लागेल, हप्ता वाढेल," म्हणून हात जोडत होते. मी लिहिलंच. मेडिकल लागलं, हप्ता वाढला, काका चिडले, आणि माझं त्या महिन्याचं काम लटकलं ते लटकलंच. काका पुढे २ वर्षांच्या आत गेले. इतक्या लवकरचा क्लेम आला की कंपनी विमा घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म उघडून बघतेच. जुन्या पॉलिसीवर कंपनीला सहजी शंका काढता येत नाही, हे विमा कायद्याच्या कलम ४५ चं संरक्षण तेव्हा २ वर्षांनंतरचं होतं, आता ३ वर्षं पूर्ण झाल्यावरचं आहे. फॉर्ममध्ये सगळं होतं, म्हणून काकूंना पैसे मिळाले. त्या दिवशी त्या आपल्याकडे आल्या आणि माझ्याऐवजी तुलाच जवळ घेऊन रडल्या. तू किती बावरला होतास!

कुठून कुठे गेले मी. सांगायचं होतं ते असं, की समोरच्याला गरज काय आहे हे विचारायच्या आधी सही कुठे करायची ते दाखवू नये. "ऑफर आजच संपते", "साहेब वाट बघतायत" असं म्हटलं की भिडस्त माणूस सही करतो. मास्तर भिडस्त असणार. जन्मभर इतरांना शिकवलेल्या माणसाला "मला हे समजलं नाही" म्हणणं जड जातं.

बघ, सुरू झालं माझं प्रवचन. रागावू नकोस. तुमच्या मॅनेजरचा फोन दर तासाला येतो, तो मला येत नाही, हे मी जाणून आहे.

पण दिवाळीत सुधीरकाकाला तू काय सांगितलंस, ते मी आतून ऐकलं होतं. "काका, तुम्हाला टर्मच पुरे, एन्डोमेंट नको." म्हणजे नुसतं मृत्यूचं संरक्षण देणारा स्वस्त विमा घ्या, बचत जोडलेला महागडा नको. त्यात तुझं कमिशन कमी होतं, हे मला कळत होतं. ऊर भरून आला होता माझा. म्हणून तर कालपासून जास्त लागलंय. तुमच्याकडे तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी, म्हणजे विकलेल्या किती पॉलिसींचा दुसऱ्या वर्षीचा हप्ता आला, ते बघतातच ना? मार्चमध्ये गळ्यात मारलेली पॉलिसी पुढच्या मार्चचा हप्ता न भरल्यामुळे लॅप्स होते, बंद पडते, आणि तो आकडा तुझ्याच नावावर लागतो. मास्तरांचा पहिला हप्ता अडकून पडतो तो वेगळाच.

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. विम्याचे तेवढ्या दिवसांचे पैसे, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी रक्कम परत मिळते. हे त्यांना तूच सांग. फोनवर नको, घरी जा, मुलगा किंवा सून असेल अशा वेळी. सगळं समजून त्यांनी पॉलिसी ठेवली, तर माझं काही म्हणणं नाही. परत केली आणि तुझं टार्गेट हुकलं, तर मॅनेजर बोलेल. बोलू दे. नोकरीवरच आलं तर इथे ये; बाबांशी मी बोलून ठेवलंय, ते काही म्हणणार नाहीत.

नंदाआत्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलंय. तिला फोन कर, ती तुझी आठवण काढते.

तुझी,
आई