म्हैसासुर निघाला नाही

नाशिक,
आखातीनंतरचा रविवार

प्रिय सोम्या,

इकडे सगळं ठीक. बीपीची गोळी चालू आहे. आईचा मोतीबिंदू काढला, आता तिला घरातली सगळी जळमटं दिसायला लागली आहेत. तब्येतीचं एवढं पुरे. पत्राचं कारण वेगळं आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू नुसता "हं, हं" करतोस आणि मागे ती प्रेस धडधडत असते.

मोठ्या बोहाड्याला, सोंगांच्या म्हणजे देवदानवांच्या मुखवट्यांच्या त्या रात्रभराच्या नाचाला, तुमच्या पाड्यावर गेलो होतो. पहाटे तुमच्या घरचा म्हैसासुर निघाला नाही.

बरोबर वाचलंस. रात्रभर सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. गणपती आला, मोरावर बसून सारजा, म्हणजे सरस्वती, आली. रावणाला या वर्षी पाठीमागून तिघांनी धरलं होतं, कारण दहा तोंडांचा भार आता त्या घरातल्या कुणालाच एकट्याला झेपत नाही. नरसिंहाला लोक मागे सरून वाट देत होते. संबळवाले बाबा थकलेत, पण नातू तयार झालाय आणि पोराचा हात फार गोड आहे. सोंग बदललं की चाल कशी बदलायची हे त्याला सांगावं लागत नाही. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांवर गेलेली माणसं हंगाम संपवून परतली होती, त्यामुळे गर्दीही होती. एकच खटकलं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हॅलोजन लावला होता आणि त्या उजेडात मशाली विझल्यासारख्या वाटत होत्या. मी बोललो, तर पोरं म्हणाली, मोबाईलमध्ये चांगलं येत नाही ना. शेवटी देवी निघायच्या आधी थोरल्या काकांनी स्वतः जाऊन वायर उपटली.

मग देवी निघाली. संबळावर ती चाल लागली. तुला ती कानात ऐकू येत असेल आत्ता. आबा म्हैसासुर नाचवायचे तेव्हा त्यांच्या कमरेचा शेला तुझ्या मुठीत, मशालीचं तेल माझ्या मनगटावर, आणि आबा आतून ओरडायचे, "सोड रे, सोड, मला उडी घेऊ दे!" ती चाल वाजली आणि समोरून कुणी आलंच नाही.

म्हैसासुर नाचवायचा तो गणप्या आला नव्हता. अंबडला एका कारखान्यात तो कंत्राटी आहे. रात्रपाळीची सुट्टी मागितली, तर उद्यापासून येऊच नको म्हणाले. त्याला मी बोल लावत नाही, दोन लेकरं आहेत त्याच्या पदरात. मग काकांनी आबांचं सोंग घरातून आणलं, गल्लीच्या टोकाला घोंगडीवर सुपात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. देवी मागेपुढे नाचत आली, तलवार शिंगाला टेकवली आणि वळली. झालं युद्ध. लहान पोरं एकमेकांना विचारत होती, लढाई कधी आहे? आणि शहरातून आलेला एक कॅमेरावाला काकांना म्हणाला, एकदा परत करता का, शिंग नीट आलं नाही. काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "चहा घ्या तुम्ही."

तुझी आई औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी होती. मला म्हणाली, त्याला सांगू नको, उगा रात्रभर जागंल. मी सांगतोय. तू जागावंस असंच मला वाटतं.

सकाळी काकांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. म्हणाले, "त्याला इचार, सोंग ठेवायचा का सोडायचा." पाऊस पडायच्या आत पंचांना सांगायचं आहे. तीन वाटा आहेत म्हणे. एक, तू येऊन नाचव. दुसरी, मान सोड. गावातलं एक घर घ्यायला तयार आहे, माणसं भली आहेत, देवीला बोकडाचा मान देऊन रीतसर घेतील. तिसरी वाट काकांनी सांगितली नाही, ताईनं सांगितली, चुलीपाशी, हळू आवाजात. तिच्या थोरल्याला नाचायचं आहे. तोंडावर फडकं बांधून, टोपली डोक्यावर घेऊन तो गोठ्यात सराव करतो, आणि ती बघते. पण तो दुसऱ्या कुळाचा. पंचांत यावरून दोन तट पडलेत.

आणखी एक चौथं आहे, ते ऐकून तुझं डोकं फिरेल. नाशिकचा कुणीतरी सोंग विकत मागायला आला होता. बाकीच्यांची आता कागदाच्या लगद्याची झाली, जव्हारकडून रामखिंडीहून आणलेली. तुमचं तेवढं जुनं लाकडी उरलंय, म्हणून त्याचा डोळा. त्याला भिंतीवर लावायचं आहे. आईनं त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

आता आपलं जुनं भांडण. होस्टेलच्या गच्चीवर तू मला म्हणाला होतास की मी तुमचा बोहाडा बघायला येतो आणि तुम्ही तो करता, दोन्हींत फरक आहे. किती दिवस बोलला नव्हतास! मी तेव्हाही कबूल केलं नव्हतं, आज तर नाहीच. मशाल धरणारा बघ्या नसतो. पण त्या वर्षी तू हेही म्हणालास की हे सगळं सोडलं तरच आपली पोरं पुढे जातील, आणि त्यावर मी जे बोललो ते आज पुन्हा लिहितो. पोरं पुढे जायला नोकरी लागते, पाणी लागतं, शाळेत मास्तर लागतो. म्हैसासुर त्यांच्या आड कुठे येतो? इतका पाऊस पडणाऱ्या तुमच्या तालुक्यात आज चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. बोहाड्याच्या पाहुण्यांसाठी बायकांनी आधी दोन दिवस हंडे वाहून साठा केला होता. त्याचा राग धर ना. सोंगावर कशाला?

आमच्या गल्लीतली रहाड, रंगाचा तो जमिनीतला हौद, बघ. रंगपंचमीला माती उकरायची, रंग भरायचा, उड्या मारायच्या, पुन्हा बुजवून टाकायची. पेशव्यांच्या काळापासून चाललंय म्हणतात. तिवंध्याची असो, शनी चौकातली असो, मान ठरलेला, आणि मानकरी चार पावलांवर राहतो. आम्हाला ती टिकवायला काही सोडावं लागत नाही. तुला भोसरीहून यायचं तर पगार कापून, दोन एसट्या बदलून, सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून यावं लागतं. हा फरक मला कळतो. म्हणून मी "तू येच" म्हणत नाही. आलास तर मशाल घेऊन मी आहे, हे सांगायची गरज नाही.

मला विचारशील तर भाच्याला दे. कूळ वेगळं, मान्य. पण आबांनी त्याला मांडीवर बसवून शिंगांना रंग लावायला शिकवलं होतं, हे पंचांतल्या निम्म्यांनी बघितलंय. आणि तो गोठ्यात ज्या तऱ्हेनं खांदा टाकतो ना, तो आबांचा खांदा आहे. मी मुद्दाम बघून आलो. तुला नव्हता जमत तो कधी. लहान बोहाड्यात तुला वानर केलं होतं आणि शेपूट बैलगाडीच्या चाकात अडकून तू "आई गं" म्हणत रडलास, ते सारजेच्या सोंगाला हसू आवरेना म्हणून मोर डुगडुगला होता. ताईला अजून आठवतंय. परवा चुलीपाशी तीच हसली, तेवढंच काय ते हसणं त्या दिवशी.

पण तो निर्णय ताईनं किंवा काकांनी घ्यायचा नाही. तू गप्प राहिलास तर काका सोंग त्या दुसऱ्या घरी देतील आणि तुझ्या आईला शेजारच्या दारात जाऊन त्याला ओवाळावं लागेल. ती जाईलही. ते मला बघवणार नाही, सोम्या. द्यायचं तर तू जा, सूप तुझ्या हातात घे, पंचांसमोर भाच्याच्या हातात दे. कुळाचा प्रश्न तुझ्या तोंडून सुटेल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीला दहावीला किती पडतील असं वाटतं? इकडे प्रवेश घ्यायचा असेल तर खोली आहे, विचारू नकोस, बॅग घेऊन पाठव. फक्त सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, स्टँडवर घ्यायला मीच येईन. तुझी बदली झाली का, तेही कळव.

काकांना फोन कर. नंबर तोच. टॉवर शाळेमागच्या टेकाडावरच लागतो आणि ते संध्याकाळी गुरं घेऊन तिकडूनच येतात, तेव्हा सहा ते साडेसहाच्या मध्ये कर. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. पेरणीआधीचे राब शेतात भाजून झाले की पंच बसणार आहेत.

तुझा,
बाळ्या